नवरदेवाची गाडी आणि ऐंशीवर अडकलेला काटा

तीर्थस्वरूप माणिकराव साडभाऊ यांस,

धाडहून शालिग्रामचा साष्टांग नमस्कार (हाताला ग्रीस आहे, म्हणून जरा लांबूनच). तुमची शुगर, विमलताईंची कंबर आणि तुमची पांढरी अँबॅसडर, तिघींची तब्येत बरी असावी. अँबॅसडरची फारच बरी आहे, हे साखरखेर्ड्याहून येणारा प्रत्येक माणूस मला मुद्दाम सांगतो. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकून अख्ख्या दुकानाला ऐकवता.

आपले सासरे किसनराव यांनी काय जाहीर केलंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांचा नातू ऋत्विक नवरदेव होऊन मारुतीच्या पाया पडायला जाईल, तो ज्या जावयाच्या गाडीचं सगळं चालू असेल त्याच्याच गाडीतून. माझीही अँबॅसडर, तुमची घेतली त्याच साली घेतलेली. हॉर्नसकट सगळं चालतं, फक्त स्पीडचा काटा शून्यावर बसून. घरातल्या तीन लग्नांत तुमची गाडी सजली आणि मी मागून बुंदीची घमेली वाहिली (मुंग्या अजून सीटखाली आहेत). खोटं कशाला बोलू, साडभाऊ, मला तुमचा हेवा वाटतो. फुलांच्या माळा घातलेली तुमची गाडी दिसली की माझ्या पोटात दुखतं.

मिस्त्रीकडे नेली असती तर संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळलं असतं, म्हणून घरीच गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल जाते, तिच्यातली तार फिरली की काटा हलतो. तार ओढून पाहिली तर कोरडी ठणठणीत. आपण शेतकरी माणसं, कोरडं दिसलं की वंगण घालायचं. ट्रॅक्टरची ग्रीसगन आणली आणि केबलची नळी तुडुंब भरली, मग पाहुण्याला आग्रह करावा तसं वर आणखी थोडं. बुलढाणा रोडला चक्कर मारली तर काटा उठला! वीस, चाळीस, साठ. मी गाडीत एकटाच ओरडलो. ऐंशीवर गेला आणि तिथंच राहिला. फिरत्या तारेवरून ग्रीस चढत चढत थेट मीटरमध्ये शिरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सासरे वरवट बकालहून गाडी पाहायला हजर. अंगणात उभ्या गाडीत पुढे बसले, चष्मा पुसून काट्याकडे पाहिलं आणि दार घट्ट धरून ओरडले, "जावईबापू, हळू चालवा न! समोर पोट्टे खेळून राह्यले!" इंजिनही सुरू नव्हतं. मग उतरले, धोतराला लागलेलं ग्रीस पाहिलं आणि म्हणाले, "थोरल्याच्या गाडीले असं कधी झालं नाही." ते वाक्य मी अजून गिळतोय.

सत्यभामा म्हणते, "वरातीत गाडी मान्साच्या चालीनं जाते. काटा पाह्यते कोन?" तिला काय सांगू? तुम्ही पाहाल ना!

असो. तुमच्याविषयी मनात काही नाही. विमलताईंना नमस्कार.

तुमचा धाकटा साडू,
शालिग्राम

ता. क. : मीटर रॉकेलने धुतला, काटा सुटला, पण आता हलत नाही. ग्रीसच्या ओझ्यानं तारेला फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे सगळे दात गेले. बोटाच्या पेराएवढं चाक, कुठं मिळत नाही. तुमच्या गाडीत धडधाकट आहे (दिवाळीत तुम्ही जेवून झोपलात तेव्हा खाली शिरून पाहिलं होतं). तेवढं काढून धाडच्या एसटीत कंडक्टरजवळ द्या. तुम्हाला बाजारापुरतं जायचं, काटा काय करायचा?

ता. क. दुसरा : पाकीट बंद करणार तोच सासऱ्यांचा फोन आला. थोरल्याची गाडी तीनदा झाली, या खेपेला धाकट्याची, काटा असो नसो. म्हणजे नवरदेव माझ्याच गाडीत बसणार. माझे डोळे भरून आले, साडभाऊ, खरंच. आता मला त्या चाकाची काही गरज नाही. तरी तुम्ही ते काढून पाठवाच. तुमच्या गाडीचा काटा हलतोय हे माहीत असताना मला लग्नाचं जेवण गोड लागणार नाही.