रोवणीच्या गाण्याची नोंद

१० फेब्रुवारी
सेमिनारमध्ये झालं ते असं:
१. आमचा प्रोजेक्ट: स्वभाव आणि मुलगा की मुलगी, एवढ्यावरून विद्यार्थ्याचं आवडतं गाणं ओळखायचं.
२. प्रोग्रॅम एकाच मुलाबाबत साफ चुकला. ‘बडबड्या मुलगा’ म्हणून डीजेचं गाणं सांगितलं. मुलाने दिलं होतं धान रोवताना, म्हणजे भातलावणीत, बायका म्हणतात ते गाणं. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं.
३. मी ते नाव न सांगता वाजवलं.
४. बायकांच्या आवाजांत एक मुलाचा होता. वर्गाने ओळखला. देवानंद, लाखनीकडचा.
५. मागून कोणीतरी: “काय बे देवा, लुगडं नेसून रोवणी करून राहिला का?”
६. देवानंद सगळ्यांबरोबर हसला. मग बॅग घेऊन निघून गेला.

११ फेब्रु.
दे. आला नाही. सर म्हणाले, “ती एक नोंद काढून टाक. निकाल स्वच्छ दिसेल.”
दिसेल. खरं आहे.
रूममेट प्राची, खोलीवर: “तुले काहून एवढं लागून राहिलं?”
लागलं नाही, म्हटलं.

१३ फेब्रु.
दे. आजही नाही. हेडफोन लावून ते गाणं पुन्हा ऐकलं. चिखलातून पाय निघतानाचा आवाज. बांगड्या. एक ओळ या बांधापासून निघते, पलीकडे कोणीतरी उचलतं. त्याचा आवाज त्यांत विरघळतो, वर येत नाही.
डोळे मिटले. लॅबमध्ये घोट्याएवढं पाणी. माझ्या हातात रोपं. मी मागे मागे सरकते आहे, आणि समोर हिरवं होत—

१५ फेब्रु. शहापूर, घरी
येताना बसमधून उन्हाळी धानाची रोवणी दिसली. काच बंद. बायकांचे फक्त ओठ हलत होते. काच उघडेपर्यंत शेत मागे गेलं.
माझी नोंद: ‘अबोल मुलगी, हळुवार गाणी’. प्रोग्रॅम बरोबर ठरला, कारण मी तसंच भरलं होतं. खरं तर मला आवडतो मिरवणुकीतला ढोल. गच्चीच्या कठड्याला पाठ लावली की विटांतून बरगड्यांत उतरतो. मग मी कुठे संपते ते कळत नाही. घरी कोणालाच माहीत नाही.
आज नोंद दुरुस्त केली. आता प्रोग्रॅम दोघांबाबत चुकतो.

१६ फेब्रु.
पाठवलं:
“देवानंद, वाजवण्याआधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तुझी नोंद काढलेली नाही. तिच्याखाली माझी आहे, ढोल, नावासकट. तू काढायला सांगितलंस तरी माझी राहील. तुझी ठेवू की काढू? रिपोर्ट शनिवारी द्यायचा आहे. शुक्रवारपर्यंत कळव.”