अकराव्या महिन्यातली तपासणी

धनज,
१२ नोव्हेंबर २०२४

विशाखाच्या बाबाले सप्रेम जयभीम.

आमी इकडे बरे आहो. सोयाबीन निंगालं, तुरीले फूल आलं. तुमच्या आईचा गुडघा तसाच आहे. रामधनभाऊ परवा पुण्याले तुमच्या साइटवर परत चालले, त्याइच्या हाती ही चिठ्ठी देऊन राह्यली. फोनवर सांगता आलं नसतं मले.

काल अंगणवाडीत लेकराइची तपासणी होती. विशाखाचं वजन आठ किलो भरलं. दात चार आले. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "मागच्या तपासणीले काहून नाई आणलं?"

मी म्हणलं, माहेरी गेलती. अंगणवाडीच्या बेबीताई माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या. त्याइले ठाऊक आहे, मी कुठंच गेली नोती.

मंग डॉक्टरीणबाईनं विशाखाच्या मागून खुळखुळा वाजवला. ताटावर चमचा वाजवला. बाजूचं लेकरू दचकून रडलं. विशाखा माह्या बांगड्याइसंग खेळत राह्यली.

"हिले ऐकू येत नसावं. अकोल्याले मशीनवर तपासून घ्या. हे जेवढं लवकर समजते तेवढं बरं. घरी कोणाच्या ध्यानात नाई आलं?"

मी नाई म्हणलं.

ध्यानात आलतं. तुमी गेले तवा ती तीन महिन्याची होती. मे महिन्यात फळीवरचा पाणी भराचा पितळी गुंड पडला. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या, आन ही जागी असून हललीबी नाई. त्या दिवशी तिच्या मागं बसून मी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. मंग उठून भाकरी टाकल्या. कोणाले बोलली नाई. बेबीताई तपासणीले बोलवाले आल्या तवा आतून कडी लावून बसली.

तुमी रोज म्हणता, फोन तिच्या कानाले लाव. तुमी हाका मारता आन मी सांगते, पहा, तुमचा आवाज ओळखून हासली. मी तिच्या पोटाले गुदगुल्या करत होती. सहा महिने तेच केलं.

हे लिहून राह्यली तरी रडू येत नाई. कालपासून सारे कामं बरोबर होऊन राह्यले.

घरी आल्यावर आईले सांगतलं. त्या गहू निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले उन्हाळ्यापासूनच माईत आहे वं पौर्णिमा. तुले कसं सांगू म्हणून गप होती."

एका घरात आमी दोघी एकमेकीले जपत गप राह्यलो, आन तिचे सहा महिने गेले.

मंगळवारी, १९ तारखेले, आमी दोघी तिले घेऊन अकोल्याले चाललो. मशीन काय सांगन ते सांगन. दिवाळीतबी तुमाले सुट्टी नाई भेटली, ठाऊक आहे. तरी मुकादमाले विचारून पहा. मले जे बोलाचं ते बोला, मी खाली मान घालून ऐकीन. पण तिकडून नोका बोलू. घरी येऊन रागवा.

तुमची,
पौर्णिमा