मागच्या खोलीपाशी अडतंय

आई, तुला आणि बाबांना लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. नर्सिंगची परीक्षा महिनाअखेर आहे. औषधांची नावं घोकून तोंडाला फेस आला, तरी सरावाचा पेपर समोर आला की डोकं रिकामं व्हायचं. शेवटी हॉस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीने युक्ती शिकवली. मनातल्या मनात आपल्या घरात जागोजागी औषधं ठेवायची आणि पेपरात तसंच घरभर फिरायचं. चपलांच्या कपाटात तापाची ठेवली, तुझ्या शिलाई मशीनवर अंगदुखीची आणि मागच्या खोलीत, बाबांच्या पलंगाभोवती, हृदयाची. हसू नकोस, सगळं धडाधड आठवायला लागलं!

पण परवा दादा फोनवर बोलून गेला, मागची खोली रिकामी केली म्हणून. का, विचारलं तर म्हणाला, "तू अभ्यासाकडे लक्ष दे." तेव्हापासून मी त्या दारापाशीच अडते. पुढचं एकही नाव आठवत नाही.

बाबांची धाप कमी झाली का? खोलीला नुसता रंग द्यायचा असेल, तर माझ्या घाबरटपणाला खुशाल हसा. औषधं मी दुसरीकडे मांडेन गं.

फोनवर तू "सगळं छान" म्हणशील, म्हणून लिहितेय. उत्तरही तू लिहू नकोस. बाबांना लिहायला लाव. दोनच ओळी, पण त्यांच्या अक्षरात.

वाट बघणारी,
तुमची धाकटी