सही तेवढी राहिली आहे

३ मार्च
ठरलं. अकाउंटंट व्हायचं. दोन वर्षं इथे परदेशात त्यांच्याच ऑफिसात पोछा मारतोय, अर्धं शिक्षण तर झालंच. ट्रेनी पोरगी म्हणाली, इथे आधीच कामाला घेतात. तीन वर्षं केलेलं काम वहीत लिहायचं, सीनियर अकाउंटंटने सही करायची, परीक्षा मधेमधे. आपल्याकडे भावोजी आधी परीक्षेला बसतात. चार वेळा बसले, अजून उठले नाहीत. देश चुकला त्यांचा.
वही आणली.

४ मार्च
नोंद: तीन फायली हाताळल्या. (टेबल पुसताना उचलल्या.) पोरगी म्हणाली, नववी नापास चालत नाही. तिला काय कळतंय!

९ मार्च, दुपार
पाय एका जागी ठरेनात. गेटवरच्या वॉचमनशी बोललो. हा त्याच्या देशात अकाउंटंट होता म्हणे! पाच वर्षं कॉलेज. इथे म्हणाले, ते धरत नाही, सगळ्या परीक्षा पहिल्यापासून द्या. मलाही पहिल्यापासूनच द्यायच्यात. म्हणजे आम्ही बरोबरीत.
शिवाय इथे डिग्रीवाचून भागतं, त्याच्याकडे अनुभवावाचून. एकेका देशाची एकेक सूट घेतली की मला करायला काही उरतच नाही.

११ मार्च
सुपरवायझर म्हणाला, फाइल रूमला माणूस हवाय. कायमची नोकरी, पोछा सुटेल. शुक्रवारपर्यंत सांग. माझं काँट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय. तरी ताठ मानेने नाही म्हणालो. उद्या लोक म्हणायचे, हा साहेब पूर्वी फायली लावायचा.
फोनवर ताई चिडली. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस म्हणाली. मागून भावोजी ओरडले, माझी पुस्तकं पाठवू का त्याला? खवचट माणूस.

१३ मार्च, शुक्रवार
सहीसाठी वही मोठ्या मॅडमकडे नेली, ऑफिसातल्या सीनियर अकाउंटंट त्याच. त्यांनी सगळी वाचली. हसल्या नाहीत. सही मात्र देता येणार नाही म्हणाल्या, तू ट्रेनी नाहीस. मग म्हणाल्या, काय नेटकं लिहितोस रे! फाइल रूमला असाच माणूस हवा होता.
जिना दोन-दोन पायऱ्या उतरलो. सुपरवायझर म्हणाला, उशीर केलास. सकाळीच वॉचमनला दिली.

२ एप्रिल
काँट्रॅक्ट तीन महिने वाढलं. पोछ्यावरच.
आज फाइल रूम पुसली. वॉचमनने न सांगताच पाय वर घेतले. मी वही पुढे केली. त्याने चष्मा लावला, पानन् पान वाचलं, प्रत्येक पानावर सही केली. खाली पदवीसुद्धा लिहिली.
अखेर अकाउंटंटची सही मिळाली. इथे धरत नाहीत, एवढंच.