केळी बांधली, माणूस मोकळा

धुळे, फेब्रुवारी १९७३

प्रिय केवलचंद यास,

पितांबरचा रागासकट नमस्कार. कपाळाचे टाके कसे आहेत? ओले करू नकोस. भंवरीवहिनींना दंडवत, तुझ्याबरोबर संसार करतात, त्यांचे पायच धरायला हवेत.

आता ऐक. तू बेशुद्ध होतास, म्हणून काय झाले ते मलाच सांगणे भाग आहे. विलायतेहून सर्जन होऊन आलो तेव्हापासून गाडीत बसणाऱ्याने पट्टा बांधावा म्हणून मी घसा कोरडा करतोय. मोटार कंपन्यांना पत्रे लिहिली, क्लबांत भाषणे दिली. (एका साहेबांनी विचारले, "डॉक्टर, तुमच्या गाडीतून माणसं पळून जातात का हो?" सगळे हसले. त्याच आठवड्यात मी एका मास्तरांच्या चेहऱ्यातून काचा वेचत होतो. तिथे कोणी हसायला आले नाही.) शेवटी खोगिरे शिवणाऱ्या लोटनकडून दुहेरी नवारीचे पट्टे करून घेतले आणि पहिली जोडी, लेका, तुझ्या अ‍ॅम्बेसेडरला मी स्वतः गुडघे टेकून बसवली. तू काय केलेस? कुर्ता चुरगळतो म्हणून पट्टे सोडवलेस आणि साडूकडच्या लग्नाला न्यायचे केळीचे घड त्यांनी टपावर आवळलेस!

पारोळ्याच्या पुढे म्हैस आडवी आली. तू ब्रेक दाबलास. म्हैस वाचली. घड जागचे हलले नाहीत, एका केळ्याला डाग नाही. आणि मालक थेट काचेत! निंबा ट्रकवाल्याने तुला उचलून माझ्याकडे आणले. डोळा बोटभराने वाचला. तुझा पहिला टाका मला उसवून पुन्हा घालावा लागला, केवल. इतकी वर्षे हे काम करतोय, असे कधी झाले नव्हते. त्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. आणि शुद्धीवर येऊन तुझा पहिला प्रश्न काय? "केळी नीट उतरवली ना?" नर्स बेबाबाईंनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली, म्हणून आज हे पत्र वाचतो आहेस.

नवे पट्टे पाठवतोय. या खेपेला त्यांच्या कड्या गाडीला वेल्डिंग करून घे.

तुझा (नाइलाजाने) मित्र,
पितांबर

ता. क. रविवारी जेवायला ये. कपाळाची पट्टी इथे मी काढेन. टाके दिसले पाहिजेत. आमच्या कलावतीने माझ्या प्रत्येक भाषणाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, पट्टा मात्र एकदाही लावला नाही. आग्रह केला की थेट माहेरच्या शिंदखेड्याच्या बोलीत विचारते, "मी काय गाय शे का?" तिच्या बरोब्बर समोर बस.

पुन्हा ता. क. पट्ट्याचा विषय तू काढ. मी तेव्हा पाणी आणायला आत गेलेलो असेन.