झाडांच्या यादीत तू

प्रिय आई,

उद्या सकाळी तुला इथून हलवायचं आहे. परवानगीचा कागद आला, चर्चच्या कब्रस्तानात जागा ठरली, आणि आज दुपारी आप्पांनी कुदळीला नवा दांडा बसवून ठेवला. तू गेल्यापासून अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहिते आहे, कारण माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती सांगितल्याशिवाय तुझ्या मातीला कोणाची कुदळ लागू नये असं मला वाटतं.

नवा रस्ता आपल्या शेतातून चालला आहे. तू असतानाही त्याची बोलणी व्हायची, आठवतं? तू म्हणायचीस, "येईल तवा येईल, तोवर कांदा लावून घ्या." तो आता आला. विहीर गेली, विहिरीच्या उत्तरेचा सगळा तुकडा गेला, आणि त्या तुकड्यात तू आहेस.

मोबदल्याचं म्हणशील तर खोटं कशाला बोलू, जमिनीचा भाव बरा मिळाला. गावात पहिल्यांदा नोटिसा आल्या तेव्हा सगळे घाबरले होते. मी शाळेतून रजा काढून आले, भूसंपादनाचे जुने निवाडे वाचले, चार जणांना विचारलं आणि शेजारच्या सगळ्यांना सांगत सुटले: मोजणीच्या दिवशी जे लिहिलं जाईल त्याचेच पैसे मिळतील. विहीर, पाइपलाइन, गोठा, बांधावरचं झाड, एकही सोडू नका. मी एक वहीच केली होती. ज्याच्या त्याच्या झाडांची यादी, वय, फळतं की नाही. लोक माझ्याकडे येऊन बसायचे. बबनमामा म्हणाले, "मास्तरीणबाई, माझ्या बांधावरची बोर बी लिवा. लई येळा टोचलंय तिनं मला, त्याचं बी काय मिळतंय का बघा." सगळे हसले. मला बरं वाटत होतं, आई. कितीतरी वर्षांनी गावाला माझा उपयोग होत होता.

आपल्या शेताची मोजणी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. भूमी अभिलेखचा माणूस टेप धरून, आप्पांच्या हातात टेपचं दुसरं टोक, आणि कृषी खात्याचे एक साहेब झाडं विचारत होते. मी वहीतून सांगत होते. लिंबं सात. शेवगा दोन. आंबा एक, पंचवीस वर्षांचा.

"आणि ते तिकडं? सीताफळ?"

"एक," मी म्हटलं. "अकरा वर्षांचं. फळतं."

त्यांनी लिहून घेतलं. एवढंच घडलं.

आप्पांनी टेपचं टोक खाली ठेवलं आणि ते विहिरीकडे चालत गेले. पाणी प्यायला गेले असतील असं मला वाटलं. पुढचा अर्धा तास टेप बबनमामांनी धरला.

तुझ्या उशाशी ते झाड आप्पांनीच लावलं होतं. तूच दगड लावू दिला नाहीस ना! शेवटच्या आजारात तुझं एकच चाललं होतं, "पैसा दगडात घालू नका. आन् मला लांब नेऊ नका, हितंच शेतात ऱ्हाऊ द्या." दगड नाही, क्रूस नाही, कट्टा नाही. पहिल्या पावसाळ्यात मातीचा उंचवटाही बसला. मग तू कुठे आहेस हे कळायला एक सीताफळ तेवढं उरलं. तुझं हे साधेपण मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. आता तुला विचारते, का गं इतकी पुसून घेतलीस स्वतःला? एक वीट तरी ठेवू द्यायची होतीस.

पण हा राग खरा तुझ्यावर नाही. माझ्या तोंडून ते कसं निघालं, हेच मी इतके महिने शोधते आहे. घाईत निघालं म्हणावं, तर मी घाईत नव्हते. वय बरोबर सांगितलं. अकरा. ते वर्ष मला कशामुळे पाठ होतं, हे त्या क्षणी मनात आलंच नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत मी यायचे, त्याची फळं पिशवीत घालून न्यायचे, मुलांना सांगायचे, आजीकडची आहेत. हळूहळू मला तिथे झाडच दिसायला लागलं होतं. असं होतं का गं सगळ्यांचं? की माझंच झालं?

निवाडा आला तेव्हा त्यात ती ओळ होती. सीताफळ, एक, आणि पुढे रक्कम. शेजारचे सगळे संमतीच्या सह्या करून मोकळे झाले. आप्पा प्रांत ऑफिसला गेले आणि सही न करता परत आले. दुसऱ्यांदाही तसंच. मी फोन केला तर म्हणाले, "बघू." मग बबनमामांनी मला सांगितलं, "त्या एका वळीपाशी बोट ठेवून बसतोय म्हातारा. काय हाय काय तिथं?"

तेव्हा मला कळलं. शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. तिथूनच रजा मागायला गेले.

पुढच्या वेळी मी सोबत गेले. प्रांत ऑफिसातल्या भाऊसाहेबांना मी सांगितलं की ते झाड म्हणजे आमच्या आईची कबर आहे, आणि सांगताना मला रडू आलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पाण्याचा ग्लास पुढे केला. मग म्हणाले, "मॅडम, मोजणीला तुम्हीच झाड सांगितलंय ना? सही आहे तुमची." मी हो म्हटलं. त्यांनी आप्पांना समजावलं, "बाबा, झाडाला दर आहे. कबरीवर बांधकाम असतं तर त्याचं मूल्यांकन केलं असतं. नुसत्या मातीला काय लावू? झाड खोडलं तर तिथं शून्य येईल. नुकसान तुमचंच आहे."

आप्पा म्हणाले, "शून्य लिव्हा. पर तिथं माणूस हाय असं लिव्हा."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मग पुरावा मागितला.

पुरावा चर्चमध्ये होता. पाळकसाहेबांनी दफनाची जुनी वही काढली आणि आम्ही तिघं पानं उलटत बसलो. तुझं नाव सापडलं. एस्तेर, वय, दिवस, आणि शेवटच्या रकान्यात 'स्वतःच्या शेतात, विहिरीच्या उत्तरेस'. आप्पांनी त्या रकान्यावर हात ठेवला. मला वाटलं आता ते मला काहीतरी बोलतील. इतके दिवस बोलले नव्हते. ते म्हणाले, "बेबे, झेरॉक्स दोन काढ. एक माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

एवढंच. तूही कधी रागावायची नाहीस, पण तुझं न रागावणं मला सोसायचं. त्यांचं सोसलं नाही. बसस्टँडवर मीच म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं." ते गाडीच्या पाट्या बघत होते. म्हणाले, "तू गावाची झाडं लिवीत हुतीस. त्यात आईबी आली."

हे त्यांनी मला माफ केलं, की मला सुनावलं, ते अजून कळलेलं नाही.

पुन्हा पंचनामा झाला. भाऊसाहेब स्वतः शेतात आले, चपला काढून उभे राहिले. सदर ठिकाणी मयत एस्तेर यांची कबर आहे, असं त्यांनी लिहिलं. आप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मग सही केली. यादीतून सीताफळ खोडलं गेलं.

उद्या पाळकसाहेब येतील, बबनमामा आणि त्यांचे दोन भाऊ येतील. झाड आधी तोडावं लागेल, कारण मुळं तुझ्यापर्यंत गेली असणार. सगळे म्हणतात, तू घरात थांब, अकरा वर्षांनी उघडायचं ते बघू नये, तुला सोसणार नाही. आप्पाही तेच म्हणाले.

मी घरात थांबणार नाही, आई. पहिल्या कुदळीपासून तिथे उभी राहीन आणि मान फिरवणार नाही. जे मिळेल ते, मग ते कितीही थोडं असो, आधी माझ्या ओच्यात येईल. मुळांत गुंतलेलं मी बोटांनी सोडवीन, त्याला कोयता लावू देणार नाही. घाई करणार नाही. आणि कब्रस्तानात पोचेपर्यंत तुला खाली ठेवणार नाही.

तुझी,
बेबी