नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

४ मार्च, सोमवार

आज एका बाईनं फोनवर मला झाप झाप झापलं. आणि तिचंच बरोबर होतं!

"लॅबचे मेल पाठवणाऱ्या तुम्हीच ना? मग सांगा, माझी आई हॉस्पिटलात का आहे?"

बाई बस चालवते. आईवडील थकलेले, दोघंही इन्सुलिनवर. दोघांचे रिपोर्ट हिच्याच मेलवर जातात — म्हणजे माझ्या टेबलावरून. परवा दोन मेल गेले. दोन्हींत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! हिनं अंदाजानं एक आईचा धरला, एक बाबांचा. डॉक्टरांनी त्यावरून आईचा डोस वाढवला. साखर वाढलेली होती बाबांची. आई स्वयंपाकघरात कोसळली.

"खाली पेशंटचा नंबर असतो—" मी बोलून गेले.

"मी माझ्या आईला नंबरनं हाक मारत नाही."

फोन आपटला. माझा डबा तसाच घरी परत आला.

५ मार्च, मंगळवार

सापडलं.

मेल पाठवायचा प्रोग्राम साहेबांच्या मेहुण्यानं लिहिलाय, लॅब एका खोलीत होती तेव्हा. जगात फक्त इंग्रजी अक्षरंच आहेत असं धरून! दुसरं कुठलंही अक्षर दिसलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. इतकी वर्षं खपून गेलं, कारण काउंटरवर नावं इंग्रजीत टाईप व्हायची. गेल्या महिन्यापासून आपल्या लिपीत करायला लागले. झालं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "नावं परत इंग्रजीत टाका. विषय संपला."

"आणि गेलेल्या मेलचं काय? निदान दुरुस्ती होईपर्यंत मेल थांबवा."

"लॅब बंद करू का? वेडबिड लागलंय का तुम्हाला?"

मेहुणा खुर्चीत झुलत होता. "पेशंटनं नंबर बघायला नको का, ताई?"

ताई म्हणे! कसली ताई नि कसलं काय.

दुपारी मेल बंद केले. कुणालाही न विचारता. काउंटरवाल्यांना सांगितलं, रिपोर्ट छापून हातात द्या, नाव विचारून. रांग पार जिन्यापर्यंत गेली. जाऊ दे!

६ मार्च, बुधवार

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. दिला — "रिपोर्ट कुणाचा ते मेलवरून कळत नव्हतं म्हणून." एकच ओळ. दुसरी सुचली नाही, सुचवूनही घेणार नाही.

७ मार्च, गुरुवार

सकाळी जाऊन बघते तर मेल सुरू! साहेबांनी मेहुण्याकडून चालू करून घेतलेले. मी पुन्हा बंद केले आणि पासवर्ड बदलून टाकला. आता करा चालू!

मग दिवसभर मान वर केली नाही. मेहुण्यानं मेल हातानं जोडला होता — ओळीला ओळ चिकटवून, गोधडीसारखा. तो सगळा उसवून फेकला. या कामाला चांगली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड, तयार आहे की! तिला नाव द्यायचं, मजकूर द्यायचा, अक्षरं कुठल्या पद्धतीची ते सांगायचं. ती नाव नीट गुंडाळून पाठवते, पलीकडचा फोन ते उलगडून दाखवतो. इतकं साधं!

तरी पहिल्या चाचणीत नावाचं शेपूट तुटलं. लायब्ररीवर शंका घेतली, तिचं सगळं वाचून काढलं. ती बिचारी निर्दोष. मेहुण्याची एक ओळ माझ्या नजरेतून सुटली होती — नाव असलेली मेलच्या विषयाची ओळ लांब झाली की कात्री लावणारी, मग अक्षराच्या मधोमध का असेना! तीही काढली.

घरी येऊन नवऱ्याच्या जुन्या फोनवर मेल पाठवला. त्याचं नाव काना-मात्रेसकट उमटलं. तो बघतच राहिला.

"इतकं छान दिसतं माझं नाव? मग तू हाक का मारत नाहीस?"

हसले. या आठवड्यात पहिल्यांदाच.

११ मार्च, सोमवार

मीटिंग. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "एक बाई ओरडली म्हणून लॅब डोक्यावर घेतलीत तुम्ही. बाकी एकाही पेशंटची तक्रार नाही."

कशी असेल? लोकांची उत्तरंही त्याच प्रोग्रामकडे येत होती. इंग्रजी नसलं की तो ती "वाचता येत नाही" म्हणून बाजूला टाकायचा. शनिवारी मी ती सगळी लायब्ररीतून काढली — आलेला मेल जसाच्या तसा उचलायचा, त्याचे भाग सुटे करायचे, प्रत्येकाची गुंडाळी सोडायची. आणि माणसं बोलायला लागली!

मी उभी राहून वाचायला सुरुवात केली.

"हा रिपोर्ट माझा आहे का? कृपया कळवा."

"माझ्या नावाचं काय केलंत?"

"मी पुरुष आहे. घरच्या मेलवर आलेली ही गरोदरपणाची तपासणी माझी नसावी."

मेहुणा फिसकन हसला. मग मी पुढचं वाचलं — "कळवाल ना? घरी सगळे घाबरलेत." तेव्हा त्याचं हसू गेलं. टेबलाकडे बघत बसला.

"हे या खोलीबाहेर जाता कामा नये," साहेब म्हणाले.

"मी आजच सगळ्यांना कळवणार आहे. रिपोर्ट पुन्हा तपासून घ्या म्हणून."

"नोकरी जाईल तुमची."

"गेली तर गेली!"

जागेवर आले आणि बटण दाबलं. गेल्या महिन्यापासूनच्या प्रत्येक पेशंटला मेल गेला. ज्याच्या त्याच्या पूर्ण नावानं.

१२ मार्च, मंगळवार

निलंबित. वॉचमननं टेबल आवरू दिलं, पाणी दिलं, आणि माझ्या पिशव्या रिक्षापर्यंत उचलून आणल्या.

संध्याकाळी बसवाल्या बाईचा फोन — आईला जनरल वॉर्डात हलवलं! "शुद्धीवर आल्या आल्या विचारते काय, तर बाबा जेवले का!" बोलता बोलता रडायला लागली. मग मीही.

ती रीतसर तक्रार करणार आहे. म्हटलं, कर. मी येते सोबत.

१४ मार्च, गुरुवार

बाईच्या तक्रारीवरून चौकशी लागली. आणि लॅबनं काय लिहून दिलं? सदर प्रोग्राम निलंबित कर्मचारी महिलेनंच लिहिला, तिच्याच निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला!

मी लिहिला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधीचा तो प्रोग्राम. पण हे सिद्ध कोण करणार? जुने कॉम्प्युटर त्यांच्याकडे. मेहुणा घरचा माणूस.

नवरा म्हणाला, "माफी मागून टाकायची का? म्हणजे... विचारतोय फक्त."

मी नुसतं बघितलं. तो चहा टाकायला उठला.

नाही मागणार. उद्या वकिलाकडे.

१५ मार्च, शुक्रवार

दिवेलागणीला बेल वाजली. दारात मेहुणा! खांद्याला बॅग, दाढी वाढलेली.

"ताई, तो प्रोग्राम माझा आहे. आज चौकशीवाल्यांना लिहून दिलं, सहीनिशी. भाऊजींनी घराबाहेर काढलं. ताईनं... माझ्या सख्ख्या ताईनं दार लावून घेतलं." मग खाली बघत म्हणाला, "आजच्या दिवस इथे झोपू का?"

नवरा माळ्यावरून गादी काढतोय.